दोनदा पाणी बदललेला बटाटा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा (हो, त्याच, बटाटे पळवणाऱ्या) वाकून नमस्कार. आम्ही इकडे सगळे ठणठणीत आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरून चालतो. तुझा गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का? भावोजींचा खोकला गेला, की आता सवय झाली म्हणून त्यांनी तो ठेवूनच घेतलाय? घरचीनं तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणायला घेतले आहेत. एक झालाय. दुसरा होईपर्यंत थंडी संपेल, पण मन बघ तिचं.

आता मुख्य चौकशी. अप्पा जेवतात का? खरं सांग. मागच्या पत्रात तू ‘बरं खातात’ असं लिहिलंस, पण त्यातला ‘बरं’ खोडून पुन्हा लिहिलास, तेव्हाच मी काय ते ओळखलं. आणि माझं नाव काढतात का? नसतीलच काढत. नऊ आठवडे झाले, फोन केला की मागून त्यांचाच आवाज येतो, ‘मी बाहेर गेलोय म्हणून सांग.’ बापानं मुलाशी अबोला धरावा, पण इतक्या मोठ्या आवाजात धरू नये. आणि मी असं केलं तरी काय? डॉक्टर म्हणाले, अप्पांची मूत्रपिंडं थकली आहेत, रक्तात पोटॅशियम वाढतंय, बटाटा बंद, टोमॅटो बंद. मी त्याच दुपारी तुझ्याकडे येऊन यादी फडताळावर डकवली आणि कोपऱ्यातली बटाट्यांची गोणी खांद्यावर टाकून निघालो. चाळीस वर्षं कारखान्याच्या खानावळीत रोज गोणीनं बटाटा शिजवलेला माणूस, दोन्ही वेळच्या ताटात बटाटा नसेल तर जेवण झालं असं न मानणारा, त्याला सवयीनं हात जाईल अशा जागी ती गोणी ठेवायची? मी जिना उतरत होतो तेव्हा ते वरून एवढंच म्हणाले, ‘गोणी माझी आहे, ती तरी ठेव.’ मी तीही ठेवली नाही. (गोणी ठेवली असती तर बटाटे काय खिशात घालून नेले असते?) तेव्हा माझं काही चुकलं नाही, हे आधी स्पष्ट करतो आणि पुढचं सांगतो. कारण पुढचंही बटाट्याचंच आहे. बटाट्यानं या वर्षी माझा पिच्छाच पुरवलाय.

तुला माहीतच आहे, आमच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेली सव्वीस वर्षं माझा शब्द शेवटचा. मोठे साहेब सही करतात, पण मीठ किती ते मीच ठरवतो. तर दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे आहारतज्ज्ञ बाई आल्या. वयानं तुझ्या मुलीएवढ्या, अंगानं झाऱ्याच्या दांड्याएवढ्या आणि हातात कायम एक चिमुकला तराजू. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातची वाटी घेतली, तराजूवर ठेवली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि न खाता परत दिली. सव्वीस वर्षांत माझ्या हातचं न खाता परत देणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. (भूल दिलेले पेशंट सोडून.) त्यातच आमच्या कोठीवाल्या काकांनी डबाबंद टोमॅटो मागवले. डबे म्हणजे किती, तर कोठीच्या एका भिंतीपुढे डब्यांची दुसरी भिंत उभी राहिली आणि काका तिच्यामागे खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचू लागले. काकांचं डब्यांवर प्रेम आहे. डब्याला कोंब फुटत नाहीत, डबा सडत नाही, डब्याला माती लागत नाही. माणसंही डब्यातून मिळाली असती तर काकांनी लग्न केलं असतं.

बाईंनी टूम काढली की रोज दुपारच्या ताटात बटाटा कशाला, त्याऐवजी डब्यातला टोमॅटो द्या, पोषण जास्त. काकांनी डब्यांच्या मागून मान डोलावली. आता माझ्या जागी दुसरा कोणी असता तर भांडला असता. मी भांडलो नाही. मी शांतपणे (घरची म्हणते तीन मजल्यांवर ऐकू गेलं, पण तिला सवय आहे वाढवून सांगायची) म्हणालो की तुलना करा. बटाटा एका बाजूला ठेवा, टोमॅटो दुसऱ्या बाजूला ठेवा, आणि होऊन जाऊ दे दूध का दूध, पाणी का पाणी. मोठ्या साहेबांना कुठलीही गोष्ट पुढच्या मंगळवारी ढकलायला आवडते, त्यांनी ती पुढच्या मंगळवारी ढकलली.

ताई, तो तक्ता तू बघायला हवा होतास. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं, घरचीच्या वळणदार अक्षरात पांढऱ्या पुठ्ठ्यावर आकडे उतरवले. शंभर ग्रॅम बटाटा आणि शंभर ग्रॅम डब्यातला टोमॅटो, समोरासमोर. ताकद म्हणशील तर बटाट्यात तिपटीहून जास्त. प्रथिनं जास्त. क जीवनसत्त्व, जे सगळ्यांना वाटतं की आंबटातच असतं, तेही बटाट्यात जास्त. आणि पोटॅशियम तर चारशे मिलिग्रॅमच्या वर, टोमॅटोत त्याच्या निम्म्याच्या आसपास. (हा आकडा लिहिताना मला अप्पांची आठवण झाली आणि मी मनात म्हटलं, बघा, गोणी नेली ते बरोबरच केलं.) टोमॅटोच्या बाजूला मीठ होतं, कारण डब्यात घालतातच, आणि लायकोपीन नावाचं एक काहीतरी होतं जे बटाट्यात अजिबात नाही. मी प्रामाणिक माणूस, तेही लिहिलं, फक्त जरा बारीक अक्षरात आणि खाली. मंगळवारी मी तक्ता भिंतीला टेकवला, छडीनं एकेक आकडा दाखवला आणि खाली बसलो. हातच्या कांकणाला आरसा कशाला? साहेबांनी टाळी वाजवायला हात उचलले होते.

तेवढ्यात बाईंनी अगदी गोड आवाजात विचारलं की हे आकडे कच्च्या, सालासकट बटाट्याचे आहेत ना? आपण पेशंटला कच्चा, सालासकट देतो का? साहेबांचे हात खाली आले. बाई म्हणाल्या, पुस्तकातला बटाटा राहू द्या, आपण ताटातला तपासू. पलीकडच्या महाविद्यालयात प्रयोगशाळा आहे, तिथे दोन बटाटे कच्चे, दोन शिजवलेले आणि एक टोमॅटोचा डबा पाठवा. मी म्हटलं, पाठवतो. जरूर पाठवतो.

आता इथे जे झालं ते नीट समजून घे, कारण लोक मागून भलतंच सांगतात. कच्चे बटाटे मी पाठवलेच नाहीत. शिकल्यासवरल्या लोकांच्या टेबलावर मातीनं भरलेला बटाटा ठेवायचा? मुलगी दाखवायची तर तिला तोंड धुऊनच बाहेर आणतात ना? आणि स्वयंपाक्यानं स्वयंपाक दाखवावा, माल काय, कोणीही दाखवील. मी फक्त शिजवलेला पाठवला, पण असा की बघणाऱ्यानं बघतच राहावं. आपल्या अप्पांची पद्धत तुला ठाऊक आहे. साल काढायचं, पातळ फोडी करायच्या, भरपूर पाण्यात बुडवून ठेवायच्या, पाणी ओतून द्यायचं, पुन्हा नवं पाणी, पुन्हा ओतायचं, मग मोठ्या भांड्यात उकळायचं आणि तेही पाणी ओतायचं. दोनदा पाणी बदलल्याशिवाय तो बटाटा नाही, ती खळ आहे, असं म्हणत त्यांनी माझ्या पाठीत किती रट्टे घातले असतील! मी तेच केलं, आणि प्रयोगशाळेचा मान म्हणून दोनाच्या जागी चारदा पाणी बदललं आणि एकदाच्या जागी दोनदा उकळलं. फोडी अशा निघाल्या, ताई, की मोती लाजावेत. झाकणाच्या डब्यात भरून, वर स्वच्छ फडकं बांधून मी स्वतः नेऊन दिल्या.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पुढच्या मंगळवारी अहवाल आला. पोटॅशियम टोमॅटोपेक्षाही कमी. क जीवनसत्त्व शोधावं लागलं. टोमॅटो बिचारा डब्यात स्वतःच्याच रसात बसलेला, त्यामुळे त्याचं बरंचसं त्याच्यापाशीच राहिलेलं. बाई म्हणाल्या, “काका, हा बटाटा तुम्ही इतका धुतलाय की आता त्यात पिष्ट उरलंय आणि तुमची मेहनत.” कोठीवाले काका हसले. सव्वीस वर्षांत त्यांचे दात मला पहिल्यांदाच दिसले. मी विचारलं की मग बाकीचं सगळं गेलं कुठे, तर म्हणे पाण्यात. आणि पाणी? पाणी मोरीत. म्हणजे सव्वीस वर्षं मी रोज दुपारी आमच्या गटाराला सकस आहार देत होतो! मी तिथल्या तिथे मागणी केली की मग त्या गटाराचंही पोटॅशियम तपासा, साऱ्या गावात असं धडधाकट गटार नसेल. ती मागणी नामंजूर झाली. निकाल असा लागला की रोज डबा, आणि बटाटा आठवड्यातून दोनदा, तोही सालासकट, थोडक्या पाण्यात. सालासकट! अप्पांनी ऐकलं असतं तर अबोला सोडून बोलले असते.

डब्यांच्या पहिल्या दिवसाबद्दल तुझ्या कानावर काही आलं असेल तर त्यातलं अर्धंच खरं मान. डबे साठ आणि डबे फोडायची चावी एक. ती सातव्या डब्याला मोडली. काका म्हणाले, दुसरीची मागणी लिहून द्या, आठवड्यात येईल. पेशंट आठवडाभर थांबतील का? मी जाड सुरी घेतली, बत्ता घेतला आणि मनात निकालाची आठवण काढून हाणला. नेमके त्याच क्षणी मोठे साहेब पांढराशुभ्र सदरा घालून नव्या पदार्थाची पाहणी करायला वाकले होते. सगळा लाल रस सरळ त्यांच्या छातीवर. साहेब दचकून मागे गेले, पाय ओल्या फरशीवरून घसरला आणि बसले खाली. माझ्या हातात सुरी. दारातून एक नवी सिस्टर चाललेली, तिनं हे बघितलं आणि पुढच्या मिनिटाला साहेब स्ट्रेचरवर. ते ओरडत होते, ‘टोमॅटो आहे, टोमॅटो!’ तर ती धीर देत होती, ‘बोलू नका, ताकद राखून ठेवा.’ आमचं इस्पितळ किती तत्पर आहे ते त्या दिवशी कळलं. साहेबांचा सदरा कापेपर्यंत कोणी ऐकून घेतलं नाही. मी मागून धावत होतो, पण सुरी खाली ठेवायची राहिली होती, त्यामुळे लोक वाट देत होते आणि जवळ येत नव्हते. मी एका शब्दानंही माफी मागितली नाही. चावी काकांनी द्यायला हवी होती.

असो. माणसाचे दिवस फिरतात म्हणतात, ते खरं आहे. दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून सालासकट बटाटे चिरत होतो (जीव नुसता जळत होता), तर मूत्रपिंड विभागाच्या डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात आल्या. कधी येत नाहीत. त्यांच्या विभागाची आमच्याकडे रोज चिठ्ठी येते, सतरा ताटं बटाटा आणि टोमॅटोविना, आणि मी सतरा ताटांत ते वाढत नाही. का, ते सव्वीस वर्षांत कधी विचारलं नाही. चिठ्ठीत लिहिलंय ना, झालं. डॉक्टरीणबाईंच्या हातात तोच अहवाल होता. मला वाटलं, आता हिचेही दोन शब्द ऐकायचे. तर त्यांनी विचारलं, हा बटाटा कोणी शिजवला? पाणी किती वेळा बदललं? उकळलं किती वेळा? मी सांगत गेलो, त्या लिहून घेत गेल्या. मग म्हणाल्या की माझी सतरा माणसं बटाट्याच्या एका फोडीसाठी डोळ्यांत पाणी आणतात, आणि त्यांना बटाटा द्यायची माझी छाती होत नाही, कारण पोटॅशियम. टोमॅटोचा डबा तर त्यांना दोन्हीकडून वाईट, पोटॅशियमही आणि मीठही. पण बटाट्यातलं पोटॅशियम असं पाण्याबरोबर काढून टाकलं तर छोटी वाटी मोजून देता येते. इतका नीट धुऊन काढलेला बटाटा मी पाहिला नव्हता, तुम्ही हे शिकलात कुठे?

ताई, मी विळी सोडून तसाच उभा राहिलो. शिकलो कुठे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. ज्या माणसानं रट्टे घालून मला ते शिकवलं, त्याच्याच घरातून मी गोणी उचलून आणली आणि त्याच्या फडताळावर यादी डकवली. मी बाहीनं डोळे पुसले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, कांदा. मी कांदा चिरत नव्हतो, पण हो म्हणालो.

तर शेवटी जिंकलं कोण, तू सांग. पुस्तकात बटाटा जिंकला, प्रयोगशाळेत टोमॅटो जिंकला आणि जिथे खरंच कोणाच्या तोंडात घास जायची अडचण होती तिथे पुन्हा बटाटा जिंकला, तोही माझा. आता मूत्रपिंड विभागासाठी साहेबांनी वेगळं स्वयंपाकघर काढलं आहे आणि त्याचा प्रमुख म्हणून मला नेमलं आहे. आहारतज्ज्ञ बाई आता आपला तराजू घेऊन रोज माझ्याकडे येतात, फोडी मोजतात, आणि परवा मी बघत नाही असं समजून त्यांनी एक तोंडातही टाकली. पहिल्या दिवशी सतरा वाट्या गेल्या आणि सतराही घासून पुसून परत आल्या. कडेच्या खाटेवरचे एक म्हातारबाबा (महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून होते म्हणे) उठून बसले आणि त्यांनी सिस्टरला विचारलं, उद्या पण आहे का? तेव्हा माझी काळजी करू नकोस. मी नेहमीसारखाच बरोबर निघालो आहे.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, गुडघ्याला तेल लाव. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायचा की तेवढाच ठेवायचा हे पत्र संपूर्ण वाचून ठरव.

तुझा,
धाकटा

ता. क. : वेगळं स्वयंपाकघर म्हणजे पूर्वी चादरी ठेवायची ती खोली. दोन शेगड्या आहेत आणि प्रमुखाच्या हाताखाली कोणी नाही. मोठ्या स्वयंपाकघरात आता मला कोणी विचारत नाही, मीठही तराजूवाल्या बाई ठरवतात. साहेबांचा नवा सदरा मी भरून दिला. आणि माफी मागितली. घरचीनं मागायला लावली.

ता. क. २ : अप्पांचे रक्ताचे कागद तू मला पाठवले होतेस, ते मी डॉक्टरीणबाईंना दाखवले. त्यांनी अप्पांच्या डॉक्टरांना फोन केला. दोघांचं ठरलं आहे की आठवड्यातून दोनदा छोटी वाटी चालेल, याच पद्धतीनं केलेली, मोजून, आणि महिन्यानं पुन्हा रक्त तपासायचं. जास्त मागितली तर द्यायची नाही. मागतीलच. मी रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. बटाटे घेऊन येतोय आणि ते गोणीतूनच आणतोय. तुझ्याकडचं मोठं भांडं घासून ठेव आणि पाणी भरपूर भरून ठेव. पण मी करणार नाही, त्यांनी करायचं, मी फोडी मोजीन. एवढं त्यांना पटव. दाराशी आलो आणि आतून ‘मी बाहेर गेलोय’ असं ऐकू आलं तर मी काय करीन ते मला माहीत नाही.

ता. क. ३ : हे सगळं पत्र खरं तर पुढच्या एका ओळीसाठी लिहिलं, ती लिहायला मला तीन दिवस लागले. अप्पा पलीकडच्या खोलीत असतील. दार उघडं ठेव आणि मोठ्यानं वाच : अप्पा, माझं चुकलं.

आता आणखी एकदा वाच. पहिल्या वेळी त्यांनी नक्कीच ऐकू आलं नाही असं म्हटलं असेल.